मैत्रिणींसाठी जालावर रोजनिशी लिहायची आहे, कुठून सुरुवात करू?

कोयनाकाठ
रवि, ०९/११/२०२५ - २२:१४

कऱ्हाडला इंजिनिअरिंगला होते तेव्हा आमच्या वर्गात मुली मोजून अकरा. होस्टेलच्या तीन खोल्यांत सगळ्या मावायचो. १९९८ साली बाहेर पडलो. आता एक पर्थला, दोघी बेंगळुरूला, एक लातूरला, बाकीच्या पुण्या-मुंबईत विखुरलेल्या आणि मी नाशिकला. कायप्पावर (म्हणजे व्हॉट्सॲपवर) गट आहे, अर्थात. गेल्या आठवड्यात सहज मोजलं. एकशे चाळीस निरोप. सूर्योदय, फुलं आणि सुविचार वगळले तर उरले नऊ, त्यातले चार वाढदिवसाचे.

दिवाळीत लातूरच्या मैत्रिणीला फोन केला तेव्हा कळलं की तिच्या सासूबाई मार्चमध्ये गेल्या. मार्चमध्ये! तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि सगळं हिनेच केलं. गटावर आम्ही रोज असतो, मग सांगितलं का नाहीस म्हटलं. तर म्हणाली, "लिहायला घेतलं होतं गं. पण वर कुणाच्या तरी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस चालला होता. त्या केकच्या फोटोखाली काय टाकू?"

तेव्हापासून डोक्यात आहे की जालावर आपली एक वही असावी. आठवड्याला एक पान, माझं काय चाललंय एवढंच. दहा जणी वाचतील, बाकी कुणी नाही. मी लेखिका नाही, शेवटचं मराठी सलग लिहिलं ते बारावीच्या निबंधात. कुठे लिहू, कुलूप कसं लावू आणि मुख्य म्हणजे लिहू काय, हे कुणी केलेलं असेल तर सांगा.

दीडशहाणा
रवि, ०९/११/२०२५ - २२:३१

वाचणार कोण, ताई? आमच्या साहेबांनी निवृत्तीनंतर अशीच जालनिशी काढली होती. पहिल्या लेखाला एकतीस 'छान सर', दुसऱ्याला सहा. तिसरा लेख पाच महिन्यांनी आला आणि त्याचं पहिलं वाक्य होतं 'बऱ्याच दिवसांत लिहिणं झालं नाही'. चौथा आलाच नाही. 'बऱ्याच दिवसांत' या वाक्यापाशी मेलेल्या वह्यांची जालावर रद्दी पडलीय.

हघ्या (हलके घ्या).

शुद्धलेखन_शिपाई
रवि, ०९/११/२०२५ - २२:५०

अवांतर: याला आधी नाव काय द्यायचं? जालनिशी म्हणतात, अनुदिनी म्हणतात, जुन्या लोकांत 'वासरी' होता. मला 'रोजनिशी' आवडतो, पण पेशवे दप्तरातल्या रोजनिश्या म्हणजे जमाखर्च, नेमणुका आणि हुकूम. मन मोकळं करण्याची भानगड तिथे नव्हती. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे चाळून बघा, कुणाला किती रुपये दिले ते सापडेल, देताना काय वाटलं ते नाही.

कोयनाकाठ
रवि, ०९/११/२०२५ - २२:५८

@शिपाई, मग माझ्या वहीला रोजनिशीच म्हणू. पहिलं पान किराणा आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचंच होणार आहे :)

@दीडशहाणा, साहेबांनी ते लिहिलं कुणासाठी होतं?

दीडशहाणा
रवि, ०९/११/२०२५ - २३:०४

'समाजासाठी'. वर तसं लिहिलंही होतं.

सर्व्हर_डाऊन
सोम, १०/११/२०२५ - ००:४०

झोप येत नाहीये, म्हणून लांबण लावतो.

ताई, तुम्हाला जे करायचंय ते पंचवीसेक वर्षांपूर्वी एका पोराने हुबेहूब याच कारणासाठी केलं होतं. १९९९च्या एप्रिलमध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक नावाच्या एकोणीस वर्षांच्या अमेरिकन मुलाने लाइव्हजर्नल सुरू केलं, ते शाळेतल्या मित्रांना आपली खबर कळत राहावी म्हणून. समाजासाठी नाही. त्यामुळे त्याची घडणच वेगळी झाली. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र कुलूप: ही सगळ्यांना, ही फक्त मित्रांना, ही फक्त मला. आणि एक पान असं की तुमच्या सगळ्या मित्रांच्या ताज्या नोंदी तिथे एकाखाली एक. आज जिला आपण 'फीड' म्हणतो तिची ही थोरली बहीण, फक्त तिच्यात मधे साड्यांच्या जाहिराती घुसत नव्हत्या.

या कुलपांनी त्याची झोप उडवली, तो भाग माझ्या धंद्यातला आहे म्हणून सांगतो. वर्तमानपत्राचं पान सगळ्यांना सारखंच दिसतं, ते एकदा तयार करून ठेवलं की काम भागतं. इथे मात्र प्रत्येकाचे मित्र वेगळे, प्रत्येक नोंदीला परवानगी वेगळी, म्हणजे दर माणसाला दर वेळी पान नव्याने जुळवून द्यायचं. डेटाबेस धापा टाकायला लागला. त्यातून २००३ साली त्याने मेमकॅश्ड लिहिलं: वारंवार लागणारे तुकडे बऱ्याच यंत्रांच्या मेमरीत मिळून ठेवायचे आणि तिथून झटकन उचलायचे. पुढे फेसबुकसकट अर्ध्या जगाने ते वापरलं. मी स्वतः त्यावर सात वर्षं पोट भरलं. 'हे फक्त माझ्या मित्रांनी वाचावं' या हट्टाची ती देणगी.

लाइव्हजर्नल पुढे २००५ साली एका अमेरिकन कंपनीकडे गेलं, २००७च्या अखेरीला रशियन कंपनीकडे, आणि २०१६ संपता संपता सर्व्हरही रशियात हलले. तिकडे नको. त्याच्याच मोकळ्या कोडवरून काही जुन्या लोकांनी २००९ मध्ये ड्रीमविड्थ काढलं, ते चालू आहे, जाहिराती नाहीत. त्यांनी एक शहाणपणा केला. लाइव्हजर्नलवर 'मित्र' केलं की दोन गोष्टी एकदम व्हायच्या: मी तुझं वाचणार आणि तुला माझं वाचू देणार. त्यावरून रुसवेफुगवे फार. ड्रीमविड्थने दोन्ही वेगळ्या केल्या. वाचायचं त्याचं वाचा, किल्ली द्यायची त्याला द्या.

अडचण एकच, दिसायला ते २००९मधलंच आहे. पन्नाशीच्या दहा बायकांना तिथे खातं उघडायला लावणं... तुम्हीच ठरवा.

अळूवडी
सोम, १०/११/२०२५ - ०७:१५

"पन्नाशीच्या दहा बायका" वाचलं आणि चहा थांबवून लिहितेय. सर्व्हरभाऊ, त्या इंजिनिअर आहेत. खातं उघडतील, तुम्हालाही उघडून देतील.

सर्व्हर_डाऊन
सोम, १०/११/२०२५ - ०९:०२

शब्द मागे घेतो _/\_

मुक्काम_पोस्ट
सोम, १०/११/२०२५ - ०९:४८

साधा मार्ग सांगतो. गूगलचं ब्लॉगर. फुकट आहे, मराठी नीट दिसतं, आणि सेटिंगमध्ये वाचकांची यादी ठरवता येते, शंभर जणांपर्यंत. ज्यांचे ईमेल घालाल त्यांनाच उघडेल, त्यांचं गूगलचं खातं मात्र हवं. खाजगी ठेवलं की फीड मिळत नाही, म्हणजे नवं पान आलं हे कुणाला आपोआप कळणार नाही. दुवा तुम्हालाच गटावर टाकावा लागेल. माझ्या मते ते बरंच आहे, दारात जाऊन कडी वाजवल्यासारखं.

आणि पहिल्या दिवसापासून दर तीन महिन्यांनी सगळं उतरवून घरच्या डिस्कवर ठेवा. हे का सांगतो ते ऐका. थोरलीच्या जन्मापासूनचं पहिलं वर्ष मी याहू ३६० वर लिहिलं होतं, भावाला मस्कतला वाचता यावं म्हणून. पहिला दात, पहिला ताप, 'बाबा'च्या आधी 'बाहुली' म्हणाली त्याचं दुःख, सगळं. जुलै २००९ मध्ये त्यांनी दुकान बंद केलं. आधी सूचना दिली होती, पण ती ज्या ईमेलवर आली तो मी उघडतच नव्हतो. गेलं ते गेलं. भाऊ अजून मला तिच्या गोष्टी सांगतो, त्याला वाचलेल्या आठवतात, मला लिहिलेल्या आठवत नाहीत. जिओसिटीज त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेलं, ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये. फुकटच्या जागेत राहणाऱ्याने बोचकं बांधलेलंच ठेवावं.

दीडशहाणा
सोम, १०/११/२०२५ - १०:१०

शिवाय कधी कधी दार बाहेरून बंद होतं. जुलै २००६, मुंबईत लोकलमध्ये स्फोट झाले त्यानंतर सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली आणि नेटवाल्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉट, म्हणजे ब्लॉगरवरच्या सगळ्या वह्यांचा पत्ता, बंद करून टाकलं. मी तेव्हा पुण्यात लिहीत होतो. माझी वही अमेरिकेतल्या मित्राला दिसत होती आणि मला नाही. तो फोनवर मला माझंच वाचून दाखवायचा. चारसहा दिवस चाललं ते.

अळूवडी
सोम, १०/११/२०२५ - १०:१४

म्हणजे तुम्हीही लिहीत होतात!

दीडशहाणा
सोम, १०/११/२०२५ - १०:१५

विषय बदलू नका.

जुनी_पायरी
सोम, १०/११/२०२५ - १६:२०

मी रत्नागिरीचा, वय पंचाहत्तर. तंत्रातलं मला कळत नाही, पण 'लिहू काय' याचं सांगू शकतो.

आम्ही चार मित्र अंतर्देशीय पत्रं लिहायचो. निळा कागद, जागा ठरलेली. ती संपली की घडीच्या पट्टीवर आडवं लिहायचं, मग डिंकाच्या कडेला बारीक अक्षरात, आणि शेवटी 'बाकी सर्व क्षेम'. खरी बातमी त्या पट्टीवर असायची. मधल्या भागात पाऊस, आंबा, पगारवाढ. पट्टीवर 'धाकटीचं लग्न मोडलं, भेटीत बोलू'. जागा संपत आली म्हणजे माणूस मुद्द्यावर येतो. तुमच्या जालावर जागा संपतच नाही, ही मला अडचण वाटते. तेव्हा स्वतःला मर्यादा घाला. एक पान म्हणजे एक पान.

दुसरं. कॉलेजात आमचं हस्तलिखित निघायचं. एकच प्रत. हातोहात फिरायची आणि परत येईपर्यंत समासात वीस जणांनी काही ना काही खरडलेलं असायचं. कवितेपेक्षा समास वाचायला मजा. तुमच्या मैत्रिणींना समास ठेवा म्हणजे झालं.

कोयनाकाठ
सोम, १०/११/२०२५ - १६:४१

काका, 'पट्टीवर आडवं' हे मी पळवणार आहे.

रातपाळी
मंगळ, ११/११/२०२५ - ११:३५

श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात नर्स आहे, रात्रपाळीहून आत्ता घरी आले. घड्याळ सध्या साडेचार तास मागे. मी उठते तेव्हा तुमच्याकडच्या गटांत दीडशे निरोप पडून असतात, गप्पा सुरू होऊन, रंगून, भांडण होऊन मिटलेल्या असतात. मी 'हाहा' टाकते आणि पुढे जाते. आपण जिवंत आहोत याची हजेरी.

माझी एक शाळासोबतीण सावंतवाडीहून दर रविवारी पत्र लिहिते, ईमेलनेच. आम्ही सहा जणी आहोत यादीत. तिच्या पत्रात काहीही नसतं. विहिरीचा पंप जळला, शेजारच्यांची गाय व्याली, मुलगा दहावीला आहे आणि संस्कृतचं पुस्तक हरवून बसला. मी ते थांब्यावर ट्रामची वाट बघत वाचते. एक सांगते ताई, मी तिला दहातल्या आठ पत्रांना उत्तर देत नाही. तिला वाटत असेल मी वाचतच नाही. पण मागच्या महिन्यात एका आजींची ड्रिप लावताना त्यांनी विचारलं, तुझ्या गावाला काय चाललंय, तर मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, गाय व्याली. तेव्हा उत्तर आलं नाही म्हणजे वाचलं नाही असं धरू नका.

दीडशहाणा
मंगळ, ११/११/२०२५ - ११:५२

+१. (वरच्या माझ्या पहिल्या प्रतिसादासाठी उणे अर्धा.)

अळूवडी
मंगळ, ११/११/२०२५ - १४:०५

आता कुलपाविषयी, कारण मी भाजून निघालेली आहे.

२०१२ साली मी कुलूपबंद वही लिहायचे, सात मैत्रिणींसाठी. एकदा लिहिलं की आमच्याकडे गौरीच्या जेवणाला पुरणपोळ्या कुणी केल्या आणि कौतुक कुणाचं झालं. जाऊबाईंचं नाव नव्हतं, 'आमच्याकडची एक कलाकार' असं होतं. फार रंगलं होतं ते पान. एकीला इतकं आवडलं की तिने पडद्याचा फोटो काढून आपल्या बहिणीला पाठवला. बहीण इचलकरंजीची. जाऊबाईंचं माहेरही इचलकरंजीचं. नऊ दिवस लागले, मी मोजलेत, फोटो फिरून आमच्याच घरी यायला. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या गौरीला त्यांनी पुरण वाटलं आणि म्हणाल्या, "पोळ्या तू कर, कलाकार." चौसष्ट पोळ्या लाटल्या मी.

कुलूप यंत्राला असतं, माणसाला नसतं. नाव बदलून काही होत नाही, घरातलं माणूस पोळीवरून ओळखतं. आता मी एवढंच बघते की ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या हातात हे पान पडलं तर मला त्या घरात चहा मिळेल का.

मुलांचं तर विचारूनच लिहा. माझा लेक अकरावीत असताना म्हणाला, माझं शी-शूचं सगळं तुझ्या मैत्रिणींना माहीत आहे, मी त्यांच्यासमोर कसा येऊ. त्याचं बरोबर होतं. आणि फोनवरचे फोटो चढवण्याआधी त्यातलं ठिकाण काढून टाका, कॅमेरा ते गुपचूप लिहून ठेवतो.

शुद्धलेखन_शिपाई
मंगळ, ११/११/२०२५ - १४:२२

चौसष्ट पोळ्या आणि कला. योगायोग थोर आहे.

वाखू (वाचनखूण) साठवली.

मुक्काम_पोस्ट
मंगळ, ११/११/२०२५ - १८:३०

एक राहिलं. जरा जड आहे. गूगलच्या खात्यात एक सोय आहे: खातं अमुक महिने वापरात नसलं तर कुणाला कळवायचं आणि काय काय हवाली करायचं ते आधी ठरवून ठेवता येतं. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने, आणि दहापर्यंत माणसं. तुमच्या तर दहाच मैत्रिणी आहेत. करून ठेवा आणि विसरून जा.

कोयनाकाठ
बुध, १२/११/२०२५ - २१:४७

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं. ब्लॉगर, खाजगी, दहा वाचक. ड्रीमविड्थ बघितलं, आवडलं, पण दोघींनी "अजून एक पासवर्ड?" असं लिहिलं आणि माझा उत्साह तिथेच अर्धा झाला. रविवारी रात्री एक पान. रातपाळी, तुझ्या मैत्रिणीची गाय डोक्यात ठेवीन.

दीडशहाण्यांच्या साहेबांवरून एक सुचलं. दर पान एकीला उद्देशून लिहायचं, पाळीपाळीने. वाचतील सगळ्या, पण लिहिताना समोर एकच बसलेली. 'मैत्रिणींनो' म्हणून सुरुवात केली की माझा आवाज लगेच वार्षिक स्नेहसंमेलनातला होतो, करून बघितलं.

जुनी_पायरी
गुरु, १३/११/२०२५ - ०८:०५

उत्तम. पहिलं पान लातूरला लिहा.

कोयनाकाठ
रवि, १८/०१/२०२६ - २२:५०

धागा वर काढतेय. नऊ पानं झाली. (एक रविवार बुडाला, नणंदेकडचं लग्न.)

दहापैकी नियमित वाचणाऱ्या चार. तिघी 'सवडीने वाचते गं' म्हणाल्या आहेत, त्यांची सवड अजून आलेली नाही. पर्थवाली एका बैठकीत सगळं वाचते आणि मग सहा पानांच्या समासात सहा प्रतिसाद एकदम टाकते. बेंगळुरूच्या एकीने दुसऱ्याच पानानंतर स्वतःची वही उघडली, ती माझ्यापेक्षा फार चांगलं लिहिते, मला थोडा मत्सर वाटला, हेही लिहिलं मी सातव्या पानावर.

पहिलं पान लातूरला लिहिलं. काकांचं ऐकून मधे सगळं नाशिकच्या थंडीचं, गच्चीतल्या मेथीचं, माझ्या गुडघ्याचं. आणि पट्टीवर आडवं: 'मार्चमध्ये मी तुला एक फोनसुद्धा केला नाही.' दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला तिचा फोन. पाऊण तास. सासूबाईंचं सगळं बोलली, शेवटच्या महिन्यात त्या हिला आई म्हणायला लागल्या होत्या ते, त्यांच्या औषधांचा डबा अजून फ्रिजवर आहे ते. प्रतिसाद असा तिने आजवर एकही लिहिलेला नाही. फोनच करते. म्हणजे समास आहे, फक्त कागदावर नाही.

मुंबईच्या एकीला मराठी टंकायचा कंटाळा, ती वहीच्या कागदावर हाताने उत्तर लिहून त्याचा फोटो पाठवते. अठ्ठावीस वर्षांनी तिचं अक्षर बघितलं. जर्नलं तीच पूर्ण करायची आमची, अक्षर अजून तसंच.

आता एक तांत्रिक अडचण. प्रीतिसंगमावर लिहिलेलं एक पान आहे, कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात तिथे आम्ही निकालाच्या आदल्या रात्री बसलो होतो, ते. लातूरकरणीला ते परत वाचायचंय. वहीत 'कऱ्हाड' शोधलं की एकच पान येतं, दुसरंच. मी हा शब्द निदान पाच पानांवर लिहिलाय, डोळ्यांना दिसतोय. मग शोधताना सापडत का नाही?

सर्व्हर_डाऊन
रवि, १८/०१/२०२६ - २३:१२

अर्ध्या र चा घोळ. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो आणि दिसतो एकसारखा. एक म्हणजे साधा र, हलन्त, आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. दुसरा म्हणजे मुळातच खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. डोळ्यांना फरक नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. तुम्ही काही पानं फोनवर लिहिली असणार आणि काही संगणकावर?

कोयनाकाठ
रवि, १८/०१/२०२६ - २३:१५

हो! फोनवर एकच, बाकी संगणकावर. आणि शोधत होते फोनवरून.

सर्व्हर_डाऊन
रवि, १८/०१/२०२६ - २३:१९

मग सापडलेल्या शब्दावरून नाही, न सापडलेल्या पानावरून शब्द उचला. तिथला 'कऱ्हाड' जसाच्या तसा कॉपी करून शोधात चिकटवा. आणि यापुढे कुठलाही एकच कळफलक वापरा.

शुद्धलेखन_शिपाई
रवि, १८/०१/२०२६ - २३:२४

किंवा सरळ 'कराड' लिहा. (पळतो.)

कोयनाकाठ
रवि, १८/०१/२०२६ - २३:४६

सापडलं. एकदम पाच पानं आली, प्रीतिसंगमाचं त्यातलं तिसरं. लातूरला दुवा पाठवला. पावणेबाराला निळ्या खुणा आल्या, आणि आता फोन वाजतोय, जाते.